दीड दिवसाचा हिशेब : सीए फाउंडेशन आणि इंटरचा अभ्यास कसा आखावा

सीएचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो आणि दोन पेपरांच्या मध्ये साधारण एक दिवस मोकळा मिळतो. म्हणजे आजचा पेपर देऊन घरी आल्यापासून परवा दुपारपर्यंत पुढच्या विषयासाठी जेमतेम दीड दिवस हातात असतो. चार महिने, आठ महिने जे वाचले ते या दीड दिवसात पुन्हा डोळ्याखालून घालता आले, तर पेपर निघतो. 'सगळं वाचलं होतं, पण ऐनवेळी आठवलं नाही' असे म्हणणाऱ्या मुलांचे बहुतेक वेळा एवढेच चुकलेले असते. त्यांनी वाचन केलेले असते, पण दीड दिवसात परतता येईल अशा आकारात ते आणलेले नसते.

म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करा. आधी दीड दिवस पक्का, मग त्यामागचे आठवडे. सांगली, सातारा, तासगाव, विटा, कराड, कोरेगाव इथून पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. घरात आधी कोणी सीए नसेल तर तो जास्त उपयोगी पडेल.

आधी अटेम्प्ट ठरवा

फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा, इंटर ही त्यापुढची. फाउंडेशन वर्षातून तीनदा होते : जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. दहावीनंतर तात्पुरते रजिस्ट्रेशन करता येते, पण परीक्षेला बसता येते ते बारावीनंतरच. रजिस्ट्रेशन आणि परीक्षा यांत चार महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो. त्यामुळे मे-जूनसाठी १ जानेवारीपर्यंत, सप्टेंबरसाठी १ मेपर्यंत आणि जानेवारीसाठी १ सप्टेंबरपर्यंत रजिस्ट्रेशन झालेले असावे लागते.

इथे दोन चुका दरवर्षी होतात. बारावीचा पेपर संपल्यावर मार्चमध्ये चौकशीला येणाऱ्या मुलाची मे-जूनची तारीख तेव्हा टळून गेलेली असते, ही पहिली. दुसरी जास्त जिव्हारी लागते. रजिस्ट्रेशन वेगळे आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा. रजिस्ट्रेशन झाले म्हणजे परीक्षेला नाव लागले असे समजून मुले फॉर्मची मुदत चुकवतात आणि चार महिने फुकट जातात. दोन्ही तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आईवडिलांनाही सांगून ठेवा.

आमचे मत विचाराल तर बोर्डाच्या परीक्षेनंतर लगेच मे-जूनला बसण्यापेक्षा बहुतेकांनी सप्टेंबर धरावा. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत दोन महिने मिळतात, त्यात चार विषय पहिल्यांदा शिकून तीनदा परतणे फार थोड्यांना जमते. अकरावीपासून फाउंडेशनची तयारी चालू असेल तर गोष्ट वेगळी.

गुणांचे गणित

चार पेपर, प्रत्येकी १०० गुण. अकाउंटिंग आणि बिझनेस लॉज हे लेखी, तीन तासांचे. क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड (बोलताना क्वांट किंवा मॅथ्स) आणि बिझनेस इकॉनॉमिक्स हे पर्यायी प्रश्नांचे, दोन तासांचे. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि चौघांत मिळून २०० गुण हवेत.

या दोन अटी एकत्र लावल्या की काय होते ते पाहा. अकाउंट्स ६२, लॉ ४२, मॅथ्स ४१, इको ५४. कुठेही नापास नाही, पण बेरीज १९९, म्हणून गेला. दुसरा मुलगा : ७०, ६०, ३९, ६५. बेरीज २३४, तरी एका गुणाने गेला. पहिल्याला आधाराचा विषय हवा होता, दुसऱ्याला कच्चा विषय चाळिशीच्या वर ओढायला हवा होता. पहिल्या महिन्यातच आपण यातले कोण हे ओळखा. कॉमर्सवाल्या मुलांनी अकाउंट्स आणि इकोत ६५ च्या पुढचे लक्ष्य ठेवावे आणि मॅथ्सला रोज एक तास द्यावा, रविवारीही. सायन्सकडून आलेल्यांनी अकाउंट्सला पहिले दोन महिने झुकते माप द्यावे. त्यांचे मॅथ्स सहसा सुटते, पण जर्नल एंट्रीत हात अडखळतो.

पुस्तके कमी, पण चालू अभ्यासक्रमाची

नवा अभ्यासक्रम जुलै २०२३ मध्ये लागू झाला आणि २०२४ पासून त्याप्रमाणे परीक्षा होत आहेत. त्यामुळे शेजारच्या दादाने दिलेला पुस्तकांचा गठ्ठा आधी तपासून घ्या. जुन्या फाउंडेशनमध्ये लॉबरोबर बिझनेस करस्पॉन्डन्स होता, इकोबरोबर बिझनेस अँड कमर्शियल नॉलेज होते. दोन्ही गेले. इंटर आठ पेपरांची होती, ती सहा पेपरांची झाली.

पायाला इन्स्टिट्यूटचे, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयचे, मॉड्यूल (अभ्यासपुस्तक) ठेवा. ते वेबसाइटवर मोफत आहे. त्यावर क्लासच्या किंवा एका लेखकाच्या नोट्स घ्या, एकाच. त्याखेरीज त्या अटेम्प्टसाठी निघालेला आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपीचे (मॉक टेस्ट पेपर) संच आणि मागच्या पेपरांची सजेस्टेड उत्तरे, म्हणजे इन्स्टिट्यूटने दिलेली नमुना उत्तरे. एका विषयाला तीन पुस्तके घेतली की दीड दिवसात एकही पुरे होत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. सांगली-साताऱ्याच्या खेड्यांतून येणाऱ्या हुशार मुलांची खरी अडचण इथे असते आणि ती अकाउंट्सपेक्षा लॉमध्ये जास्त बोचते. अडचण सुटण्यासारखी आहे, मात्र पहिल्या दिवसापासून हातात घ्यावी लागते.

एक दोनशे पानी वही करा. डाव्या पानावर बारावीच्या बुककीपिंगमधला शब्द, उजव्या पानावर सीएच्या पुस्तकातला : रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. विषय तुम्हाला येतो, फक्त नाव नवे आहे, हे या वहीतून पटकन ध्यानात येते. सहा आठवड्यांत हे शब्द तोंडात बसतात.

लॉसाठी वेगळा उपाय. रोज दोन उत्तरे हाताने, इंग्रजीत, घड्याळ लावून लिहा. भाषा साधी असू द्या, लहान वाक्ये लिहा. परीक्षकाला अलंकारिक इंग्रजी नको असते. त्याला तरतूद बरोबर, ती लावली बरोबर आणि निष्कर्ष स्पष्ट हवा असतो. मोबाइलवर उत्तर वाचून 'कळलं' म्हणणे आणि कोऱ्या कागदावर ते उतरवणे यांत फार अंतर आहे.

लॉचे एक उत्तर जवळून

प्रश्न असा समजा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात हळदीची २०० पोती आहेत. त्यातली ५० पोती तो एका खरेदीदाराला विकतो, पण कोणती ५० हे बाजूला काढलेले नाही. रात्रीत पुराचे पाणी शिरते आणि सगळा माल भिजतो. नुकसान कोणाचे?

बरीच मुले पहिल्याच ओळीत 'खरेदीदाराचे, कारण सौदा झाला होता' असे लिहून मोकळी होतात. नीट उत्तराचे चार भाग असतात. पहिला, तरतूद : सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३० च्या कलम १८ प्रमाणे माल निश्चित झाल्याशिवाय त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही, आणि कलम २६ प्रमाणे वेगळे ठरले नसेल तर जोखीम मालकीच्या मागे जाते. दुसरा, प्रश्नातली वस्तुस्थिती : २०० मधली ५० पोती वेगळी काढलेली नाहीत. तिसरा, जोडणी : म्हणून माल अनिश्चित आहे, मालकी विक्रेत्याकडेच आहे, जोखीमही त्याचीच. चौथा, एका वाक्यात निष्कर्ष : नुकसान विक्रेत्याचे.

गुण जास्तकरून पहिल्या आणि तिसऱ्या भागाला मिळतात. नुसता निष्कर्ष बरोबर आला तर हाती फार थोडे लागते. उलट निष्कर्ष चुकला पण तरतूद नेमकी असली, तर काही गुण पदरात पडतात. कलमाचा आकडा नक्की आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नका. कायद्याचे नाव आणि वर्ष लिहून 'या तरतुदीनुसार' एवढे पुरते. चार-पाच गुणांच्या उत्तराला आठ मिनिटे, जास्त नाही. नेमके हे चार भाग चार छोट्या परिच्छेदांत मोकळे सोडून लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधावे लागत नाही.

अकाउंट्स : हात चालला पाहिजे

अकाउंट्स वाचून येत नाही. सोडवलेले गणित बघणे म्हणजे अभ्यास नव्हे. उत्तर झाकून कोऱ्या पानावर मांडा, अडलात तरच उघडा, आणि जिथे अडलात तिथे पेन्सिलीने खूण करा. पुढच्या फेरीत फक्त खुणा केलेली गणिते करायची आहेत.

बँक रिकन्सिलिएशनचे, म्हणजे कॅश बुक आणि पासबुक यांची शिल्लक जुळवण्याचे, उदाहरण घ्या, कारण सोपे समजून इथेच गुण सांडतात. कॅश बुकप्रमाणे बँकेत शिल्लक ४८,५०० रुपये. आपण दिलेले पण अजून बँकेत सादर न झालेले चेक ७,२००. आपण भरलेले पण अजून जमा न झालेले ११,०००. बँकेने कापलेले शुल्क ३००. पासबुकची शिल्लक : ४८,५०० अधिक ७,२००, उणे ११,०००, उणे ३००, म्हणजे ४४,४००. इथपर्यंत सगळ्यांना येते. पण प्रश्नात 'ओव्हरड्राफ्ट' शब्द आला की मुले चिन्हे उलटसुलट करतात. सोपा उपाय : ओव्हरड्राफ्ट म्हणजे उणे ४८,५०० अशी सुरुवात करा आणि पुढची चिन्हे जशीच्या तशी ठेवा. उणे ४८,५००, अधिक ७,२००, उणे ११,०००, उणे ३००, उत्तर उणे ५२,६००, म्हणजे पासबुकप्रमाणे ५२,६०० चा ओव्हरड्राफ्ट. वेगळा नियम पाठ करायची गरजच नाही.

वर्किंग नोट्स नेहमी लिहा, क्रमांक घालून, आणि मुख्य उत्तरात त्या क्रमांकाचा उल्लेख करा. इथे पायऱ्यांना गुण असतात. ताळेबंद जुळला नाही तर तो शोधत बसू नका. अर्धा तास घालवून दोन गुण मिळवण्यापेक्षा तेवढ्या वेळात पुढचा प्रश्न सोडवा. हे घरी मॉक पेपरात ठरवून करा, नाहीतर परीक्षेत फरकाची रक्कम डोळ्यांसमोरून हलत नाही.

कॅल्क्युलेटर पहिल्याच आठवड्यात घ्या आणि परीक्षेपर्यंत तोच वापरा. सायंटिफिक चालत नाही. साधा बारा आकडी घ्या. बऱ्याच साध्या कॅल्क्युलेटरवर १.०८ टाकून गुणाकार आणि मग बरोबरचे बटण दाबले की १.१६६४ येते, बरोबर पुन्हा दाबले की १.२५९७१२. तीन वर्षांचे चक्रवाढ असे आकडा टाकल्यावर तीन बटणांत होते. काही कंपन्यांच्या यंत्रावर गुणाकार दोनदा दाबावा लागतो. म्हणूनच ऐनवेळी मित्राचा मागून नेलेला कॅल्क्युलेटर घात करतो.

पर्यायी प्रश्नांचे दोन पेपर

१०० प्रश्न, १२० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. सोडून द्यायचे की ठोकायचे, यावर बरीच भीती पसरलेली असते, तेव्हा हिशेबच करू. काहीही माहीत नसताना १६ प्रश्न ठोकले तर सरासरीने ४ बरोबर, १२ चूक : चार मिळाले, तीन गेले, उरला एक. एवढ्या वेळात काही हाती लागत नाही. मात्र चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उत्तर द्यावेच. तसे १६ प्रश्न असतील तर ८ बरोबर, ८ चूक, निव्वळ ६ गुण.

क्वांटमध्ये मॅथ्स ४०, लॉजिकल रीझनिंग २०, स्टॅटिस्टिक्स ४० असे वाटप आहे. मॅथ्सला घाबरणाऱ्यांनी रीझनिंग आधी पक्के करावे. नातेसंबंध, दिशा, अंकमालिका, बैठक हे दोन-तीन आठवड्यांत बसते. मग स्टॅटिस्टिक्समधली व्याख्यांवरची आणि थेट सूत्रांची प्रकरणे, आणि मॅथ्समध्ये टाइम व्हॅल्यू ऑफ मनी. एवढे घट्ट असले की चाळिशी गाठणे आवाक्यात येते.

रिव्हिजनचे आठवडे

मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत साधारण १९ आठवडे होतात. पहिले १३ शिकायला, शेवटचे ६ फक्त परतायला. पहिली फेरी विषयाला सहा दिवस, दुसरी तीन, तिसरी दीड. एका विषयाला साडेदहा दिवस, चार विषयांना ४२, म्हणजे बरोबर सहा आठवडे. क्लासचा पोर्शन लांबला तर हे आठवडे खाऊ देऊ नका. उरलेले एखादे प्रकरण सोडलेले परवडते, तिसरी फेरी सुटलेली परवडत नाही.

फेरी आपोआप आखडत नाही, मजकूर आखडावा लागतो. शिकतानाच प्रत्येक प्रश्नावर ए, बी, सी अशी खूण करा. ए म्हणजे नवीन युक्ती असलेला किंवा तुम्हाला चकवलेला, शेवटच्या दीड दिवसात पाहायचाच. बी म्हणजे दुसऱ्या फेरीपर्यंत. सी म्हणजे एकदा केला, आता हात लावायचा नाही. नवख्यांच्या वहीत सगळेच ए असतात. विषयाच्या एकूण प्रश्नांत ए पाचव्या भागाहून जास्त नसावेत, अशी मर्यादा स्वतःला घालून घ्या. सूत्रे आणि तरतुदींसाठी प्रत्येक प्रकरणाला एकच पान, दोन्ही बाजूंनी.

प्रत्येक विषयाच्या दुसऱ्या फेरीनंतर एक पूर्ण मॉक (सराव पेपर) पेपरच्या वेळेतच, दुपारी दोनपासून द्या. जेवण झाल्यावर येणारी सुस्ती हाही या परीक्षेचा भाग आहे आणि शरीराला त्याची सवय लागावी लागते. सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणी इन्स्टिट्यूटची शाखा आहे. मॉक परीक्षा आणि मार्गदर्शन याबद्दल तिथे जाऊन विचारा.

इंटर : एक ग्रुप की दोन?

फाउंडेशन झाल्यावर, किंवा कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी आणि इतर शाखेची ६० टक्क्यांनी घेतली असल्यास थेट, इंटरला येता येते. अभ्यासकाळ आठ महिन्यांचा. पहिल्या ग्रुपमध्ये ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, लॉ, टॅक्स. दुसऱ्यात कॉस्टिंग, ऑडिट, आणि एफएम-एसएम (फायनान्शियल मॅनेजमेंट आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट). प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये ३०० पैकी १५० हवेत.

दोन्ही ग्रुप एकदम देण्याचा एक मोठा फायदा आहे. पहिल्यात १७० आणि दुसऱ्यात १३२ पडले, तर दुसरा ग्रुप एकटा दिला असता तर गेला असता. पण दोन्ही एकत्र दिले असतील आणि प्रत्येक पेपरात ४० असतील, तर बेरीज ३०२ होते आणि दोन्ही निघतात. दोन्ही ग्रुप झाल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरू होत नाही, हेही लक्षात घ्या. तरीही अभ्यास झालेला नसताना 'बघू तरी' म्हणून दुसरा ग्रुप भरणे चुकीचे. सहा पेपरांची दगदग पहिल्या ग्रुपलाही खाली ओढते. परीक्षेला दोन महिने उरले असताना सहाही विषय एकदा शिकून झालेले नसतील तर एकच ग्रुप द्या.

एखाद्या पेपरात ६० पडले आणि ग्रुप गेला, तर त्या पेपरातून पुढच्या तीन अटेम्प्टपुरते एक्झम्प्शन मिळते, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. त्यामुळे ज्या विषयात साठीची आशा आहे तो शेवटच्या दिवशी सैल सोडू नका.

इंटरच्या पेपरात ३० गुण पर्यायी आणि ७० लेखी. पर्यायी प्रश्नांना इथे गुण कापत नाहीत, म्हणून एकही मोकळा ठेवायचा नाही. वेळ अशी वाटा : पर्यायींना ४० मिनिटे, उरलेली १४० मिनिटे ७० गुणांना, म्हणजे १४ गुणांच्या प्रश्नाला २८. घड्याळ काढून टेबलावर ठेवा. २८ मिनिटे झाली की वाक्य पुरे करा आणि पुढे चला.

टॅक्ससाठी आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, ते इन्स्टिट्यूटच्या सूचनेतच पाहा. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे जुन्या कलमांच्या नोट्स डोळे झाकून वापरू नका.

परीक्षेचे दिवस

सप्टेंबरच्या अटेम्प्टचा शेवटचा अभ्यास पावसाळ्यात येतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर सांगलीने पाहिला आहे. नदीकाठच्या गावात राहत असाल तर जुलैअखेरच नोट्स, पुस्तके आणि रजिस्ट्रेशनची कागदपत्रे एका पिशवीत प्लास्टिक घालून ठेवा, कागदपत्रांचे फोटो घरच्यांच्या मोबाइलवर असू द्या, आणि उंचावरच्या नातेवाइकांकडे राहायची सोय बोलून ठेवा.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी केंद्र आदल्या दिवशी पाहून घ्यावे आणि लागणाऱ्या एसटीच्या आधीच्या गाडीने निघावे. तीन तासांच्या पेपरांना पावणेदोनपासून १५ मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला मिळतात. उशीर झाला तर पहिली तीच जातात. त्या वेळात सुरुवातीचा प्रश्न निवडा : पूर्ण येणारा, आकडेमोड कमी असलेला. पहिल्या अर्ध्या तासात लय बसली की पुढचे सुकर होते. पेन काळ्या शाईचे, तेच ज्याने घरी सराव केला, आणि एक जादाचे. पेपर सुटल्यावर दारात उत्तरे जुळवत थांबू नका. त्या क्षणापासून पुढचा दीड दिवस सुरू झालेला असतो.

ग्रुप गेला तर

इंटरच्या निकालानंतर ३० दिवसांच्या आत अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. थोड्या गुणांनी गेलेल्या विषयाची तरी मागवाच. ती घेऊन सजेस्टेड उत्तराशेजारी बसा आणि प्रत्येक गमावलेल्या गुणापुढे चारपैकी एक शब्द लिहा : आले नाही, आठवले नाही, वेळ नव्हता, लिहिता आले नाही. पहिला शब्द जास्त असेल तर ती प्रकरणे पुन्हा शिका. दुसरा असेल तर फेऱ्या वाढवा. तिसरा असेल तर घड्याळ लावून मॉक द्या. चौथा असेल तर नवा क्लास लावू नका, उद्यापासून रोज दोन उत्तरे हाताने लिहा.